'तपासू नका' असं ती शिफारस खरंच म्हणते का?

संशोधनाच्या तयारीला लागलात की एक सवय लावून घ्या: निष्कर्षाआधी "हे कोणाबद्दल चाललंय?" ते बघा. अमेरिकेच्या प्रिव्हेन्टिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने 2011 मध्ये वृषणाच्या कर्करोगासाठी स्क्रीनिंग करू नये, अशी शिफारस केली. त्याचा अर्थ "गाठ लागली तरी थांबा" असा घेतला तर घात होईल. ती शिफारस लक्षणं नसलेल्या पुरुषांसाठी आहे. हाताला गाठ लागली, की ते स्क्रीनिंग राहत नाही, निदान सुरू होतं.

निदानाचा क्रम ठरलेला आहे. डॉक्टर हाताने तपासतात, मग सोनोग्राफी. पाणी भरलंय (हायड्रोसील) की वृषणातच घट्ट गाठ आहे, हे तिथे कळतं. संशय असेल तर रक्तात एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच बघतात. मार्कर नॉर्मल आले म्हणून कर्करोग नाही, असं नसतं. अंडकोशातून सुई घालून तुकडा घेत नाहीत, कारण पेशी पसरण्याची वाट बदलू शकते. जांघेतून वृषण काढतात. तोच उपचार आणि तेच पक्कं निदान. पुढे सीटी स्कॅन, मग नुसती देखरेख, केमोथेरपी किंवा पोटातल्या लसिकाग्रंथींची शस्त्रक्रिया. मूल हवं असेल तर वीर्य आधी साठवून ठेवायचं.

आता टीका. शिफारस दोन पायांवर उभी आहे: आजार दुर्मीळ, आणि उशिरा सापडला तरी बहुतेकदा बरा होतो. पहिला पाय भारतात जास्तच मजबूत आहे. इथलं प्रमाण लाखात एकाहूनही कमी. दुसरा मात्र इथे डगमगतो. सिस्प्लॅटिनवर आधारित केमो वेळेवर आणि पूर्ण मिळाली, तरच ते खरं. पेण-रोह्याच्या तरुणाला त्यासाठी खारघरचं अ‍ॅक्ट्रेक किंवा परळचं टाटा गाठावं लागू शकतं, तेही पुन्हा पुन्हा, रोजगार बुडवून. शिवाय फक्त मृत्यू मोजले, तर "नुसती शस्त्रक्रिया" आणि "शस्त्रक्रिया अधिक केमो" यांतला फरक दिसतच नाही.

म्हणून इथे स्क्रीनिंग सुरू करा, असं सिद्ध होत नाही हं. त्यासाठी वेगळा पुरावा लागेल. पण प्रश्न बदलतो: गाठ लक्षात आल्यापासून सोनोग्राफीपर्यंत किती दिवस गेले, आणि कुठे? लाजेत, आडपडद्यात, की "हायड्रोसील असेल" म्हणून दिलेल्या गोळ्यांत? प्रत्येक टप्प्याची तारीख नोंदवली तर हे मोजता येतं. प्रबंधासाठी विषय शोधत असाल, तर हा घ्या.

आणि वाचणाऱ्या कोणाला स्वतःलाच गाठ लागली असेल, तर अभ्यास नंतर. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.