दैवताचें कूळ आणि मेंढीचें कूळ

डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ १९८४ सालीं प्रसिद्ध झाला व १९८७ सालीं त्यास साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला. विठ्ठल हा मूळचा गवळी-धनगरांचा देव, हा त्याचा मुख्य सिद्धांत. पांडित्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु ज्या जनावरावर त्या आद्य भक्तांचें पोट चाललें, त्याचें कूळही विचारलें असतां या सिद्धांतावर निराळाच प्रकाश पडतो.

तुंगार्लीच्या आषाढधारांत लोकरीच्या मेंढीचा निभाव लागणें कठीण. म्हणून मेंढके पावसाळा पूर्वेकडील कोरड्या मुलखांत काढतात व पुढें कळप घेऊन घाट उतरतात. जवळच्या बोरघाटाची वाट इंग्रजांस एका धनगरानेंच दाखविली, अशी आख्यायिका आहे. घाटांतील शिंग्रोबाचें देऊळ त्याच्याच नांवाचें.

मेंढी माणसाळली ती सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं, पश्चिम आशियांत. पुणें जिल्ह्यांतील इनामगांवच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तींतही शेळ्यामेंढ्यांचीं हाडें सांपडलीं आहेत. आपली काळी दख्खनी मेंढी, राजस्थानकडील लोकरीच्या व दक्षिणेकडील केंसाळ जातींच्या संकरांतून झाली, असें पशुशास्त्रज्ञ मानतात. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे पोटभेदही आहेत. म्हणजे जिला आपण अस्सल देशी म्हणतों, ती मुळांतच मिश्र!

ढेरे यांच्या ग्रंथाचें खरें बळ आम्हांस येथेंच दिसतें. 'मूळ' या शब्दांत नव्हे, तर 'समन्वय' या शब्दांत. वैदिकीकरणाचे थर ते कौशल्यानें उकलतात. पण उकलतांना, तळाशीं कांहीं निर्भेळ सांपडेल असा भास वाचकास कोठें कोठें होतो. तेवढी उणीव आम्ही नमूद करितों. तळाशींही मिश्रणच असतें.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. लोकरीस गिऱ्हाईक उरलें नाहीं. म्हणून अनेक मेंढके दख्खनी सोडून मांसासाठीं जत तालुक्यांतील उंच माडग्याळ मेंढीकडे वळले आहेत. त्यांस दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु वैविध्याचें मोल आधीं कळत नाहीं. सुंदरबनांतील इवलीशी गारोल मेंढी कोणीं मोजली होती? जुळीं देण्याचा तिचा आनुवंशिक गुण अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियांत गेला व तेथील बुरुला मेरिनोंत प्रकट झाला. पुढें फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें तोच गुण गारोलपासून दख्खनी मेंढींत आणिला. दलदलींतल्या गरिबांनीं ती जात राखली नसती, तर हें घडतें ना.

विठ्ठलाच्या कुळाचा शोध ज्यांनीं आदरानें वाचिला, त्यांनीं मेंढीच्या कुळाची उपेक्षा करूं नये. देवाचा इतिहास ग्रंथांत टिकतो. मेंढीचा तिच्या रक्तांत असतो, आणि कळप मोडल्यावर तो कोणासही वाचतां येत नाहीं.