देवळाली संख्या आणि उत्तरांची गर्दी

अभियांत्रिकी शिकणारी आमच्या संग्रामपूर तालुक्यातली मुले दिवाळीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या मोबाइलवर कोडिंगची सरावकोडी असतात आणि प्रत्येक कोड्याखाली अनोळखी सोडवणाऱ्यांची लांबच लांब चर्चा असते. ही चर्चा शिकवते की नुसते उत्तर पुरवते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी एकच कोडे घेऊ. ते मूळचे आपल्याकडचेच आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीचे शाळामास्तर. ६१७४ या अंकामुळे ते अनेकांना ठाऊक असतात. त्यांचा दुसरा खेळ असा: कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४ होतात. म्हणून २१ ही २४ ची जनक. पण २० ला जनक नाही, ३१ लाही नाही. अशा बिनजनकाच्या संख्यांना स्वयंभू किंवा देवळाली संख्या म्हणतात. १९९८ साली अमेरिकेतल्या एका विभागीय आंतरमहाविद्यालयीन प्रोग्रामिंग स्पर्धेत दहा हजारांखालच्या अशा सर्व संख्या छापण्याचा प्रश्न आला. तेव्हापासून तो सरावाच्या संग्रहांत टिकून आहे.

सरळ मार्ग असा की, प्रत्येक संख्येसाठी तिच्यामागच्या साऱ्या संख्या तपासायच्या. त्यात सुमारे पाच कोटी तपासण्या होतात. चर्चेत यावर तीन प्रकारचे लेखन आढळते. पहिला प्रकार तयार प्रोग्राम चिकटवण्याचा. दुसरा, ‘हे तर फारच सोपे’ म्हणून नवख्याला खजील करण्याचा. तिसरा प्रकार विरळा. त्यात कुणी एवढेच विचारतो, ‘जनक किती मागे असू शकेल?’ या एका प्रश्नाने कोडे उलगडते. चार अंकांची बेरीज छत्तिसाच्या वर जात नाही. म्हणजे जनक असलाच तर मागच्या छत्तीस संख्यांतच सापडणार. पाच कोटींचे काम साडेतीन लाखांवर येते. याहून चतुर मार्ग उलटा आहे: प्रत्येक संख्येपासून पुढची संख्या काढून तिच्यावर काट मारत जायचे, उरतील त्या स्वयंभू. माझ्या मते चर्चेचे मोल या तिसऱ्या प्रकारावरून ठरवावे.

चर्चा कधी उघडते, यालाही महत्त्व आहे. कॉलिन ह्यूज यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट ऑयलरवर बरोबर उत्तर दिल्याशिवाय त्या कोड्याची चर्चा दिसतच नाही. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने २००९ मध्ये सुरू केलेल्या कोडशेफवर स्पर्धा चालू असताना उत्तरांची चर्चा करता येत नाही; विवेचन नंतर येते. लीटकोडवर मात्र प्रश्नाशेजारीच इतरांची उत्तरे असतात. पहिली पद्धत सर्वांत शिस्तीची. पण जो अडला आहे, तोच तिथे दाराबाहेर राहतो. शेवटची पद्धत सर्वांना आत घेते. पण विचार सुरू होण्याआधीच ताट वाढून ठेवते.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. ज्याच्या गावात विचारायला कुणी नाही, त्याला उघडे उत्तर हाच मास्तर. मी स्वतः महाविद्यालयाबाहेर, मिळेल त्या पुस्तकातून शिकलो. त्यामुळे उघड्या ज्ञानाला नावे ठेवणे मला शोभणार नाही. परंतु गेल्या दिवाळीत एका मुलाने हेच कोडे दाखवले. प्रोग्राम चर्चेतून उचललेला, छत्तीस मागे पाहणारा. तो म्हणाला, “काका, पास तं झालं, पण काऊन झालं थे नाई समजलं.” मी त्याला दहा हजारांऐवजी दहा लाखांची मर्यादा घालायला सांगितली. यादी चुकली. २,००,०२२ ही संख्या स्वयंभू म्हणून छापली गेली, जेव्हा की १,९९,९८३ ही तिची जनक आहे, एकोणचाळीस मागे. छत्तीस कुठून आले, हेच त्याला ठाऊक नव्हते. उद्या नोकरीच्या मुलाखतीत मर्यादा अशीच बदलली जाईल, तेव्हा तो काय सांगणार?

म्हणून उत्तर बंद करा, असे मी म्हणत नाही. चर्चेत आधी इशारा यावा, मग कारण, शेवटी प्रोग्राम, असा क्रम असावा. आणि हे कारण आपल्या मुलांनी मराठीत लिहावे. प्रोग्राम इंग्रजी अक्षरांत असला तरी ‘का’ हा प्रश्न ज्या भाषेत पडतो, त्याच भाषेत तो नीट सुटतो. कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव दूरवर पोहोचले. त्यांच्या संख्या आज जगभरची मुले सोडवतात. त्यांच्यावरची मराठी चर्चा मात्र मला शोधूनही सापडली नाही.

त्या मुलाला मी उत्तर सांगितले नाही. दहा लाखांखालच्या संख्येत अंक किती, एवढेच विचारले. चहा संपायच्या आत तो म्हणाला, “सहा. म्हणजे छत्तीस नाई काका, चोपन्न!” ते त्याने वहीत लिहून ठेवले, कारणासकट.