कळसावरच्या कविता

दोस्तहो, आपल्या अंकांतून विहारांवर ढिगानं कविता येतात. सोन्याचा कळस, पिंपळपान, मंद ज्योत, करुणेचा सागर. कँडीचा दंतविहार येतो, जपानची लाकडी देवळं येतात. रात्रपाळी संपवून मी त्या वाचतो. शब्द गुळगुळीत, दगडही गुळगुळीत. आत कोणाला घेतात हे मात्र एकही कवी विचारत नाही.

श्रीलंकेचंच घ्या. १७५३ साली सयामहून आलेल्या उपाली थेरांनी कँडीत बंद पडलेली उपसंपदा पुन्हा सुरू केली. त्यातून सियाम निकाय उभा राहिला. मल्वत्त आणि अस्गिरीय ही त्याची दोन मोठी पीठं. थोड्याच वर्षांत तिथं ठरलं, उपसंपदा फक्त गोयिगमांना, म्हणजे तिथल्या वरच्या शेतकरी जातीला. नाव बघा, उपाली! बुद्धाच्या संघात शाक्य राजपुत्रांच्या आधी ज्याला प्रवेश मिळाला, त्या न्हाव्याचं नाव.

पण किनाऱ्यावरची माणसं गप्प बसली नाहीत. दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतला एक श्रामणेर १७९९ साली समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेला. १८०० साली अमरपुरात त्यानं उपसंपदा घेतली आणि १८०३ साली परतून बालपिटियाला नदीच्या पाण्यावर सीमा आखून ती इतरांना दिली. ना भिंत, ना कळस. खाली नुसतं वाहतं पाणी. यावर कविता का सुचत नाही कोणाला? पुढं या अमरपूर निकायातही जातवार फाटे फुटले. तेही लिहायला पाहिजे, झाकायचं कशाला?

जपानचं तर अंगावर येतं. तिथं मेलेल्या माणसाला देवळातला पुरोहित धम्मनाव देतो, ते थडग्यावर कोरतात. चामड्याचं, कसाबाचं काम करणाऱ्या बुराकू वस्त्यांतल्या मुडद्यांना कित्येक पुरोहितांनी 'पशू', 'चामडं' अशी अक्षरं घालून नावं दिली. माणूस जळून राख झाला तरी जात दगडावर शाबूत! १९२२ च्या मार्चमध्ये क्योतोत बुराकूंनी सुईहेइशा ही संघटना काढली आणि दोन्ही होंगान्जींना बजावलं, वीस वर्षं आमच्याकडे वर्गणी मागायची नाही. त्यांचा काट्यांच्या मुकुटाचा झेंडा काढणारा सैको मानकिची बुराकूतल्याच एका बौद्ध देवळात जन्मलेला. एवढं होऊनही १९७९ साली सोतो झेन पंथाचे कारभारी माचिदा अमेरिकेतल्या जागतिक धर्मपरिषदेत बोलले, जपानात असा भेदभाव नाहीच. बुराकूंनी पिच्छा सोडला नाही. शब्द मागे घ्यावे लागले. पंथाला आपल्याच देवळांतल्या मृतांच्या वह्या उघडाव्या लागल्या, दगड बदलावे लागले. मला विचाराल तर त्या वह्या हेच जपानी बौद्ध देवळावरचं खरं लिखाण.

बाबासाहेब १९५० साली कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले होते. पण १९५६ साली नागपुरात चंद्रमणी महास्थविरांकडून स्वतः दीक्षा घेतल्यावर लाखो लोकांना ती त्यांनी आपल्या तोंडानं दिली. कुठल्या निकायाच्या परवानगीसाठी थांबले नाहीत.

आता आपल्या गल्लीतल्या विहाराकडे या. चावी कोणाच्या घरी असते? मातंगाचं, मेहतराचं पोरगं त्रिशरणाला पुढच्या रांगेत बसतं का, की दारातूनच परततं? पुढच्या अंकासाठी यावर काहीतरी पाठवा. कळसावरच्या कविता संपादकाकडे भरपूर पडून आहेत.