आजची कादंबरी व वाचकाची तक्रार

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालची. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं प्रसिद्ध झाली. म्हणजे कादंबरी जन्मास येण्याच्या आधीं सतरा वर्षें आमच्या गांवांत वाचक येऊन बसला होता! इतक्या जुन्या वाचकाचें म्हणणें आदरानें ऐकून घेणें हें टीकाकाराचें पहिलें कर्तव्य होय. सध्यां त्याचें म्हणणें एकच आहे, आणि तें आम्ही वाचनालयाच्या पायऱ्यांवर, लग्नकार्यांच्या पंक्तींत व शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यांत वारंवार ऐकतों: "हल्लींच्या चांगल्या म्हणविल्या जाणाऱ्या कादंबऱ्या आमच्यानें वाचवत नाहींत."

ह्या उद्गाराला दोन ठराविक उत्तरें मिळतात. टीकाकारांपैकीं पुष्कळ जण म्हणतात कीं, वाचकाची अभिरुचि मागासलेली आहे. वाचक म्हणतो कीं, लेखक, टीकाकार व पारितोषिकें देणारे ह्या सर्वांचें आपसांत संगनमत आहे. दोन्ही उत्तरें सोयीचीं आहेत. कारण पहिल्यानें लेखक, तर दुसऱ्यानें वाचक आत्मपरीक्षणाच्या कष्टांतून सुटतो. भवभूतीनें स्वकालीन रसिकांवर रुसून आपला न्याय भावी काळावर सोपविला. इंग्रजींत डॉक्टर जॉन्सननें सामान्य वाचकाच्या निवाड्याशीं आपलें मत जुळतें ह्यांत समाधान मानलें. पण ह्याच जॉन्सननें १७७६ सालीं स्टर्नची 'ट्रिस्ट्राम शँडी' टिकली नाहीं असें सांगून टाकलें होतें, आणि ती तर आज अडीचशें वर्षें टिकून आहे! तेव्हां सर्व भार काळावर टाकूं नये व आजच्या बहुमतावरहि टाकूं नये. वाचकाच्या तक्रारी एकेक घेऊन तपासाव्या, हाच सरळ मार्ग होय.

पहिली तक्रार अशी कीं, ह्या कादंबऱ्यांत गोष्टच नसते. ही तक्रार नवी नव्हे. भालचंद्र नेमाडे ह्यांची 'कोसला' १९६३ सालीं निघाली तेव्हांपासून ती चालू आहे. आम्हीं स्वतः विद्यार्थिदशेंत ती हातीं घेतली आणि पन्नास पानांनंतर मिटून ठेविली. पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास येतो, पैसे उडवितो, परीक्षेंत आपटी खातो आणि गांवीं परततो; ह्यांत कादंबरी ती कोणती, असें आम्हांस वाटलें. पुढें दोनएक वर्षांनीं घरच्या एका दुःखद प्रसंगानंतर तेंच पुस्तक पुन्हां उघडलें, आणि पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या प्रकरणापाशीं आम्ही थांबलों ते रात्रभर थांबलों. तेव्हां ध्यानांत आलें कीं, गोष्ट नव्हती असें नाहीं. आम्ही जी शोधीत होतों ती नव्हती. ना. सी. फडके ह्यांचें 'प्रतिभासाधन' १९३१ सालीं प्रसिद्ध झालें. तें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेंहि नाहीं, अशा वाचकांच्या मनांतहि त्यांतील तंत्राचा गज अजून उभा आहे: आरंभ चटकदार हवा, गुंतागुंत हवी, शेवट उकलणारा हवा. हा गज खोटा नव्हे. परंतु प्रत्येक कापड त्याच गजानें मोजावें हा हट्ट खोटा आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' मध्यें तरी यमूच्या आयुष्याखेरीज दुसरें कथानक कोणतें आहे? 'करमणूक' पत्रांतून ती क्रमशः येत असतां वाचकांनीं ती मोठ्या आवडीनें वाचली, कारण तें माजघर त्यांच्या ओळखीचें होतें.

येथेंच दुसऱ्या तक्रारीचें मूळ सांपडतें. ती तक्रार भाषेविषयीं आहे. सदानंद देशमुख ह्यांच्या 'बारोमास' ला २००४ सालचें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. शिकलेला, पण नोकरी न मिळालेला एकनाथ आणि त्याचें शेतकरी घर ह्यांची ही कहाणी आहे. तींतील वऱ्हाडी बोली आपणांस कळत नाहीं, असें आमचे स्नेही सांगतात. आम्ही त्यांस विचारतों कीं, आपल्याच जिल्ह्यांतील सटाणा, कळवण, मालेगांव ह्या भागांतील अहिराणी तरी आपणांस कितपत कळते? महाविद्यालयांत हार्डीच्या कादंबऱ्यांतील डॉर्सेटच्या शेतकऱ्यांचें बोलणें आम्हीं कोश उघडून समजून घेतलें, आणि त्याचा अभिमान बाळगला. तेवढे श्रम बुलढाण्याच्या शेतकऱ्यासाठीं घ्यावयास आपण कां कचरतों? माजघर ओळखीचें नाहीं म्हणून भाषा अवघड वाटते, हें खरें कारण आहे. तथापि एक गोष्ट वाचकाच्या बाजूनें सांगितली पाहिजे. 'बारोमास' मधील बोली माणसांच्या पोटांतून येते. पण तिच्यामागून आलेल्या कित्येक पुस्तकांत ती अंगावर चढविलेल्या दागिन्यासारखी आहे. पात्राला सांगावयाचें कांहीं नसतें, आणि तें लपविण्यासाठीं लेखक त्याच्या तोंडीं चार अनोळखी शब्द घालतो. वाचकाला हा भेद बरोबर जाणवतो. त्याला तो शब्दांत मांडतां येत नाहीं इतकेंच.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे, म्हणून तिच्यापाशीं थोडें थांबणें अवश्य आहे. "दिवसभर कामानें थकून आल्यावर पुन्हां लोकांचीं दुःखें कां वाचावीं?" असा प्रश्न एका सुविद्य गृहिणीनें आम्हांस विचारला. विषय होता कृष्णात खोत ह्यांच्या 'रिंगाण' चा. २०२३ सालचें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालेल्या ह्या कादंबरींत धरणानें उठविलेल्या गांवचा देवाप्पा, मागें राहिलेली आपली म्हैस आणावयास पुन्हां त्या रानांत जातो. विश्वास पाटील ह्यांची १९९२ सालीं पारितोषिक पावलेली 'झाडाझडती' हीहि धरणग्रस्तांचीच. आम्हीं त्या बाईंना उत्तर दिलें नाहीं. परंतु घरीं येऊन हातपाय धुतांना उत्तर नळांतून वाहत होतें. नाशिकच्या नळांस येणारें बरेंचसें पाणी गंगापूर धरणाचें आहे. जेथें धरणाचें पाणी सांठतें तेथें पूर्वीं कोणाची तरी शेतें असतात, आणि त्या शेतांचे धनी कोठें तरी गेलेले असतात. त्यांची कथा हें लोकांचें दुःख खरें. पण त्या दुःखाशीं आपला कांहींच संबंध नाहीं असें म्हणणें खरें नव्हे. करमणुकीची भूक स्वाभाविक आहे, तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. मात्र थकवा हें पुस्तक आज न वाचण्याचें कारण होऊं शकतें. तें पुस्तक वाईट ठरविण्याचें कारण होऊं शकत नाहीं. आपल्या मध्यमवर्गीय वाचकाकडून हे दोन निवाडे वारंवार एकांत मिसळले जातात, आणि त्यामुळें त्याच्या मताचें वजन कमी होतें.

चौथी तक्रार विस्ताराची. नेमाड्यांची 'हिंदू' २०१० सालीं निघाली तेव्हां आमच्या परिचयाच्या अनेक घरांत ती विकत आली, आणि त्यांतील निम्म्या घरांत खूण दीडशेंव्या पानापुढें सरकली नाहीं. येथें आम्ही वाचकाचा पक्ष अंशतः घेतों. मोहेंजोदारोच्या उत्खननावरून मरणोन्मुख पित्याकडे निघालेला खंडेराव, त्याचें मोरगांव, तेथील जातीपाती, बायामाणसें व शेतीचा गाडा ह्यांचें चित्र मराठींत अपूर्व आहे. परंतु मधून मधून खंडेराव बोलावयाचा थांबतो आणि ग्रंथकार बोलूं लागतो. मग माणूस मागें पडतो व मतें पुढें येतात. अशा ठिकाणीं वाचकाची खूण अडली, तर दोष खुणेचा नव्हे. उलट रंगनाथ पठारे ह्यांचा 'सातपाटील कुलवृत्तांत' (२०१९) हाहि प्रचंड ग्रंथ. एका कुळाच्या अनेक पिढ्यांचा व कांहीं शतकांचा त्याचा पट. तो आमच्या ओळखीच्या कित्येकांनीं चवीनें शेवटपर्यंत वाचला. तेव्हां जाडी ही खरी अडचण नव्हे. पानामागें माणूस आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे.

हा भेद वाचकाला कोणी सांगावयाचा? तें काम टीकाकाराचें, आणि तें आम्हीं टीकाकारांनीं नीट केलेलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. कोणत्या प्रकरणांत कादंबरी उभी राहते व कोणत्या प्रकरणांत ती बसते, हें सांगण्याऐवजीं आम्ही जाणिवा, मूल्यव्यूह, समकालीनत्व अशा शब्दांची रास घालतों. सगळेंच थोर म्हटल्यावर वाचकाचा आमच्यावरील विश्वास उडाला तर नवल नाहीं. मग तो पुस्तक सोडून देतो, आणि त्याबरोबर 'बारोमास' सारखें जें सोडूं नये तेंहि त्याच्या हातून सुटतें. आमच्या मतें खरें नुकसान हें आहे. पारितोषिक मिळालेला लेखक ह्या नुकसानींतून निभावून जाईल. पण ज्या घरांत एके काळीं 'पण लक्षांत कोण घेतो?' वाचून बायकांच्या दुःखाची ओळख झाली, त्या घरांची शेजारच्या गांवाशीं ओळख व्हावयाची राहील.

म्हणून वाचकांस आमची विनंति थोडीच आहे. न आवडण्याचा आपला अधिकार अबाधित आहे, तो अवश्य बजावावा. परंतु "आवडलें नाहीं" ह्या वाक्यापाशीं न थांबतां पुढें एक 'कारण' जोडावें, व तें कारण पुस्तकांत आहे कीं आपणांत, हें एकवार पाहावें. वर्षांतून एक तरी अवघड कादंबरी घरांतील दोघांनीं शेवटपर्यंत वाचावी आणि जेवतांना तिच्यावरून भांडावें. असें भांडण ज्या घरांत होतें, तेथील मत आम्हां प्राध्यापकांच्या दहा परीक्षणांहून अधिक मोलाचें असतें. आमच्या गांवांतील वाचक कादंबरीहून वडील आहे, हें आरंभीं सांगितलेंच. वडिलांनीं धाकट्यांस रागवावें. परंतु त्यांचें बोलणें पुरतें ऐकून घेतल्यावर रागवावें.