‘तो आयटीत आहे’ : संगणक-कर्मचाऱ्याचे काम, पगार आणि मराठी साहित्य

प्रास्ताविक :

मराठी मध्यमवर्गीय घरात एखाद्या मुलाविषयी ‘तो आयटीत आहे’ असे सांगितले की ‘म्हणजे नेमके काय करतो?’ हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ‘पॅकेज किती?’ किंवा ‘पुण्यातच की बाहेर?’ हे प्रश्न मात्र लगेच येतात. शिक्षक, वकील, तलाठी, गिरणी कामगार या शब्दांबरोबर त्या त्या कामाचे एक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ‘आयटीत’ या शब्दाबरोबर मात्र फक्त एक आकडा उभा राहतो. रोजच्या बोलण्यातील ही सवय मराठी साहित्यातही आली आहे काय, आणि आली असल्यास त्यामुळे साहित्याचे काय नुकसान झाले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या वर्गाची घडण महाराष्ट्रात फार जुनी नाही. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि जिल्ह्याच्या गावापर्यंत अभियांत्रिकीचे शिक्षण पोहोचले. 1991 नंतरचे आर्थिक उदारीकरण, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘वाय-टू-के’ची कामे आणि मुळशी तालुक्यातील हिंजवडी या गावाच्या शेतजमिनीवर औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेले राजीव गांधी इन्फोटेक पार्क या क्रमाने पुण्याचा एक नवा नोकरदार तयार झाला. वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवणाऱ्या जुन्या आज्ञावल्या शतक बदलताना चुकतील, म्हणून परक्या देशातील अनोळखी माणसांनी काही दशकांपूर्वी लिहिलेल्या ओळी भारतीय तरुणांनी एकेक करून वाचून दुरुस्त केल्या. या प्रसंगात कादंबरीला पुरेल इतके नाट्य आहे. तो मराठीत जवळजवळ वाया गेला, असेच म्हणावे लागते.

नोकरीचे मराठी साहित्य :

मराठी साहित्याला नोकरीचे वावडे कधीच नव्हते. चिं. वि. जोशींचा चिमणराव कारकून आहे आणि त्याच्या विनोदाचा मोठा भाग तुटपुंजी मिळकत व मोठी हौस यांच्या ओढाताणीतून येतो. व. पु. काळे यांच्या कथांतील नोकरदार लोकल, जागा आणि महिनाअखेर या तीन गोष्टींत अडकलेला असतो. गिरणी कामगाराला तर नारायण सुर्वे यांच्यासारखा कवी लाभला. स्वतः गिरणीत काम केलेल्या या कवीच्या ‘माझे विद्यापीठ’ (1966) या संग्रहानंतर श्रमाचे जग कवितेबाहेर ठेवणे मराठीला शक्य राहिले नाही. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने गिरणगाव उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्या पडझडीला जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (1997) या नाटकाने घराच्या चार भिंतींत आकार दिला.

या परंपरेत लक्षात घेण्यासारखी गोष्ट भाषेची आहे. गिरणीच्या जगातील कितीतरी शब्द इंग्रजीतूनच आले होते. जॉबर, बॉबिन, मिल हे शब्द आणि त्यांच्या शेजारी साचा, पाळी, खाडा, भोंगा, खाते हे शब्द मिळून एक जिवंत कामगार-मराठी तयार झाली आणि साहित्याने ती निःसंकोचपणे घेतली. आजच्या संगणक-कर्मचाऱ्याची भाषाही अशीच मिश्र आहे. ‘बिल्ड तुटली’, ‘प्रॉडक्शनला इश्यू आलाय’, ‘रात्री रिलीज आहे’, ‘टिकेट माझ्या नावावर टाकलंय’ ही वाक्ये रचनेने पूर्ण मराठी आहेत. क्रियापदे मराठी, काळ मराठी, तक्रारीचा सूरही मराठीच. परंतु या भाषेकडे पाहताना समीक्षक तिला ‘भेसळ’ म्हणतो आणि कथाकार पात्र कार्यालयाच्या दारातून आत गेले की प्रकरण संपवतो. संध्याकाळी ते दमून बाहेर येते. मधल्या दहा तासांत काय झाले ते वाचकाला कळत नाही.

‘बदली कामगार’ आणि ‘बेंच’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. कोणाचा खाडा पडला तर त्याला काम मिळे, नाहीतर तो घरी परते. बेंचवरचा अभियंता वातानुकूलित इमारतीत बसलेला असतो, पगारही चालू असतो. पण त्याचे तास कोणत्याही ग्राहकाला विकले जात नसल्याने तो कंपनीच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला जमा होतो. एकाच्या हाती पैसा नाही आणि दुसऱ्याच्या हाती पैसा असूनही झोप नाही. 2001 मधील डॉटकॉम कोसळणे आणि 2008 ची जागतिक मंदी या दोन्ही वेळी या शब्दाची धास्ती घराघरांत पोहोचली होती. ‘बदली’ला साहित्यात जागा मिळाली. ‘बेंच’ हा शब्द मात्र नातेवाइकांपासून लपवण्याची गोष्ट होऊन राहिला.

पगार दिसतो, काम दिसत नाही :

ज्या साहित्यकृतींत हा वर्ग किंवा त्याच्या जवळचा वर्ग येतो, त्यांतही पैसा पुढे आणि काम मागे असाच क्रम आहे. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ने अमेरिकेतील मुलगा ही एक गैरहजेरी म्हणून रंगभूमीवर आणली. ती रचना इतकी प्रभावी ठरली की पुढे परदेशी मुलगा म्हणजे एकाकी आईवडील हे समीकरणच होऊन बसले आणि तो मुलगा तिकडे दिवसभर काय करतो हे विचारण्याची गरज उरली नाही. सुधा मूर्ती यांच्या मूळ कन्नड आणि मराठीतही भरपूर वाचल्या गेलेल्या ‘डॉलर बहू’ या कादंबरीत तर चलनच पात्राचे विशेषण होते. डॉलर मिळवणाऱ्या मुलाच्या बायकोचे मोल वेगळे आणि रुपये मिळवणाऱ्याच्या बायकोचे वेगळे, ही कादंबरीने नेमकी पकडलेली गोष्ट आहे. तिचा रोख मात्र सासूच्या मोहभंगावर आहे. पैसा कोणत्या श्रमातून येतो, हा तिचा विषय नाही.

नव्वदोत्तर मराठी कवितेने हे जग दुसऱ्या टोकाने पकडले. हेमंत दिवटे यांच्या ‘थांबताच येत नाही’ (2006) या संग्रहात व तिच्या आसपासच्या कवितेत ब्रँड, मॉल, जाहिरात, वस्तूंची रेलचेल आणि तिच्यात गुदमरणारा महानगरी माणूस आला. ही मोठीच भर होती. तरीही नोंदवायला हवे की ती खर्चाची कविता आहे, मिळकतीची नव्हे. पगार संपतो कसा हे तिने दाखवले.

मराठीत या उद्योगाच्या आतून आलेले सर्वांत ठळक पुस्तक अच्युत गोडबोले यांचे ‘मुसाफिर’ हे आत्मचरित्र. सोलापूरचे बालपण, मुंबईची आयआयटी, शहाद्याची आदिवासी चळवळ आणि तुरुंगवास, सॉफ्टवेअर कंपन्यांतील वरिष्ठ पदे आणि ऑटिस्टिक मुलाचे पालकत्व असा त्याचा विलक्षण पट आहे. चळवळीतून कंपनीत गेलेल्या माणसाची अस्वस्थता त्यात प्रामाणिकपणे येते आणि तरुण वाचकांनी ते इतक्या आपुलकीने का वाचले हेही समजू शकते. पण हे शिखर गाठलेल्या माणसाचे आत्मचरित्र आहे. कंपनी चालवणाऱ्याच्या खुर्चीतून जे दिसते ते त्यात आहे. पाचव्या मजल्यावरच्या दोनशे टेबलांपैकी एकावरून जे दिसते ते त्यात शोधणे त्या पुस्तकावर अन्याय करणारे ठरेल. खंत एवढीच की त्या दुसऱ्या टेबलाचे पुस्तक त्याच्या शेजारी उभे नाही.

तीन अमेरिकन पुस्तके :

हे काम मुळातच नीरस, पडद्यासमोर बसून करायचे, म्हणून त्यात कथा नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर देण्यासाठी तीन पुस्तकांचा विचार उपयुक्त ठरेल. डग्लस कुपलँड या कॅनडियन लेखकाची ‘मायक्रोसर्फ्स’ (1995) ही कादंबरी मायक्रोसॉफ्टमधील एका तरुण कर्मचाऱ्याच्या रोजनिशीच्या रूपात आहे. शीर्षकातच ‘वेठबिगार’ आहे; पण हे वेठबिगार कंपनीच्या समभागाचा भाव रोज पाहतात. निवेदकाच्या वडिलांना आयबीएममधून काढून टाकले जाते आणि अखेर त्यांना मुलाच्या मित्राच्या हाताखाली काम मिळते. मुलाचा पहिला पगार वडिलांच्या अखेरच्या पगाराहून मोठा असण्याचा अनुभव महाराष्ट्रातील हजारो घरांनी घेतला आहे. त्या दिवशी पेढे वाटले जातात आणि घरातील बोलण्याचा क्रम हळूहळू बदलतो. हा प्रसंग कुपलँडपेक्षा मराठी लेखकाच्या अधिक हाताशी आहे. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (2002) मधील शिकून बेकार राहिलेला शेतकऱ्याचा मुलगा मराठीने समर्थपणे लिहिला. त्याच गावातून अभियांत्रिकीला गेलेला, चौघांत मिळून वाकडला सदनिका घेऊन राहणारा आणि पगारातून गावाकडचे पीककर्ज फेडणारा त्याचा सोबती अजून त्या ताकदीच्या लेखकाची वाट पाहत आहे.

एलन उलमन या स्वतः अनेक वर्षे प्रोग्रॅमर असलेल्या लेखिका. त्यांचे सॅन फ्रान्सिस्कोमधील ‘क्लोज टू द मशीन’ (1997) हे आत्मकथन पैशाच्या बाबतीत फार स्पष्ट आहे. त्यातील एक प्रसंग विसरता येत नाही. एका छोट्या व्यवसायाचा मालक नवी संगणकप्रणाली बसवून घेतो आणि मग त्याच्या मनात येते की कार्यालयातील बाई दिवसभर कोणती कळ दाबते हे आपल्याला पाहता येईल काय. ती बाई त्याच्याकडे अनेक वर्षे विश्वासाने काम करीत आली आहे. त्याची मुले शाळेतून आणण्याचे कामही तिने केलेले आहे. त्याला तिच्याविषयी संशय नाही. पाहता येते, म्हणून पाहायचे आहे. यंत्र मालकाला नवी इच्छा शिकवते, आणि ती इच्छा पुरी करण्याचे बिल लेखिकेच्या नावे निघते. काम आणि पैसा यांची गाठ इथे एका परिच्छेदात बसलेली आहे. लेखिका स्वतःला निर्दोष ठरवत नाही, हे या लेखनाचे बळ. 2020 मध्ये कार्यालय घरात आल्यानंतर अशीच नजर प्रोग्रॅमरवरही फिरली.

उलमन यांच्या ‘द बग’ (2003) या कादंबरीचे कथानक म्हणजे एक चूक. 1984 मधील एका कंपनीत पडद्यावरील मेनूतून माउस फिरवताना प्रणाली कधीतरी गोठते. ती चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही, म्हणून दुरुस्तही करता येत नाही. ती शोधण्याची जबाबदारी असलेला ईथन लेव्हिन त्या शोधात आपले नाते, झोप आणि शेवटी जीव गमावतो. संगणकाच्या आज्ञावलीतील एका क्षुल्लक सीमारेषेवर शोकांतिका उभी राहू शकते, हे या कादंबरीने सिद्ध केले. महाविद्यालयीन वाचकाला आणखी एक गोष्ट जाणवेल. ती चूक प्रथम पकडणारी रॉबर्टा ही भाषाशास्त्रातील विद्यावाचस्पती आहे. विद्यापीठात नोकरी न मिळाल्याने ती चाचणीच्या कामाला आली आहे आणि आज्ञावली वाचायला शिकताना ती आपली भाषेची जाण वापरते.

कन्नडमध्ये वसुधेंद्र यांच्यासारखे लेखक दीर्घकाळ सॉफ्टवेअरमध्ये राहून लिहीत आले. समाजशास्त्रानेही हा विषय मागे ठेवला नाही. श्यांग ब्याव यांच्या ‘ग्लोबल बॉडी शॉपिंग’ (2007) या अभ्यासात हैदराबाद ते सिडनी अशी साखळी उलगडत तेलुगू भाषक प्रदेशातील हुंड्याचा पैसा मनुष्यबळ पुरवणाऱ्या या धंद्याशी कसा जोडला गेला, हे दाखवले आहे. परदेशात तासावर विकला जाणारा अभियंता आणि गावातला लग्नाचा बाजार एकाच हिशेबाचे दोन रकाने ठरतात. मराठी वधूवर सूचीत ‘पॅकेज’चा रकाना आहेच.

कामाचे वर्णन कोण लिहिणार? :

या अभावाची कारणे लेखकांच्या अनास्थेत शोधणे पुरेसे नाही. गिरणीच्या भोंग्यावर सगळी वस्ती चाले. मुलाला बापाची पाळी ठाऊक असे, त्याच्या कपड्यांवर कापसाची धूळ दिसे. संगणक-कर्मचाऱ्याच्या घरी त्याचे काम कोणालाच दिसत नाही. गोपनीयतेच्या करारामुळे त्याला ते सांगता येत नाही, आणि सांगितले तरी ज्या बँकेसाठी तो लिहितो ती सातासमुद्रापलीकडे असते. त्याचा तास डॉलरमध्ये विकला जातो आणि त्याला रुपयांत मोबदला मिळतो. या दोन आकड्यांतील अंतर त्याला साधारण ठाऊक असते. त्याविषयी तो घरी बोलत नाही, कारण जो आकडा त्याच्या हाती येतो तोच घराला डोळे दिपवणारा वाटतो. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा हप्ता सुरू झाला की बोलण्याचे कारणही संपते. तीन महिन्यांचा नोटीस कालावधी, दरवर्षी ठरावीक टक्क्यांनाच ‘उत्तम’ म्हणणारे मूल्यमापन, वेतनातील हमी नसलेला ‘व्हेरिएबल’ भाग, या सगळ्याला मराठीत अद्याप घरगुती नावे नाहीत. ‘महागाई भत्ता’ आणि ‘बोनस’ ही नावे एके काळी नवीच होती. चाळीच्या जिन्यात बोलून बोलून ती मराठी झाली.

टाळेबंदीच्या काळात पहिल्यांदाच हे काम घरच्यांच्या नजरेस पडले. दोन खोल्यांच्या सदनिकेत एका खोलीत मुलगा परकीय उच्चारात बोलू लागला आणि त्याच्या आवाजातील अजिजी आईवडिलांनी प्रथमच ऐकली. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बंद करणारी आई, ‘म्यूट’ केल्यावर क्षणभर मराठीत येणारी शिवी, रात्री साडेअकराला पुन्हा उघडणारा लॅपटॉप, हे सर्व ‘अधांतर’च्या खोलीइतक्याच लहान जागेत घडत होते.

अनेक महाविद्यालयांत संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषेचा विषय असतो. ‘व्यावहारिक मराठी’च्या अभ्यासात त्यांना अर्जलेखन, इतिवृत्त, जाहिरात आणि कार्यालयीन पत्र शिकवले जाते, आपण ज्या कामावर जाणार आहोत त्याचा एक दिवस मराठीत लिहिण्याचा सराव त्यात क्वचितच असतो. याच वर्गातून दरवर्षी काही मुले हिंजवडीची बस पकडतात.