साडेपंचवीस : एका शोधनिबंधाचे रसग्रहण

डिसेंबर 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यांविषयी सात पानांचा एक शोधनिबंध छापून आला. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ संस्थेतले त्यांचे सहकारी हे त्याचे लेखक. चंद्रपूरच्या ज्या वर्गात मी संख्याशास्त्र शिकवतो, तिथे दरवर्षी हा निबंध बाकावर ठेवून ओळीओळीने वाचतो. सरासरी, नमुना, गृहीतकाची चाचणी असे पहिल्या वर्षाचे जवळजवळ सगळे धडे त्यात आहेत, आणि तेही आपल्या शेजारच्या गावांच्या नावावर.

कथानक थोडक्यात असे. 39 गावांत गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळंतिणीच्या घरी जायचे, बाळाचे वजन करायचे, त्याला ऊब द्यायची, अंगावर पाजायला मदत करायची, जन्मतः श्वास अडला तर तो सुरू करायचा आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायचे. शेजारच्या 47 गावांत यातले काही केले नाही. 1993 ते 1995 ही दोन वर्षे दोन्हीकडे फक्त मोजदाद झाली. मग 1995 ते 1998 या काळात 39 गावांत ही सेवा चालली. पहिल्या 28 दिवसांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण सुरुवातीला या गावांत हजारी 62 होते आणि तुलनेच्या गावांत 58. तिसऱ्या वर्षी ते अनुक्रमे 25.5 आणि 59.6 झाले.

चारच आकडे. त्यांतला 25.5 वाचताना वर्गात हमखास कोणीतरी विचारते, अर्धे बाळ कसे मरते? प्रश्न भाबडा वाटला, तरी सरासरी कळण्याचा दरवाजा तिथेच उघडतो. जगलेल्या प्रत्येक बाळापुढे 0 लिहा, दगावलेल्यापुढे 1. सगळ्यांची बेरीज करून बाळांच्या संख्येने भागा आणि हजाराने गुणा. आला मृत्युदर. म्हणजे मृत्युदर हीदेखील सरासरीच आहे, शून्य आणि एक यांची.

आता दहावीत शिकलेली बाकीची दोन मापे याच यादीला लावून पाहा. सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला तर मध्यक येतो 0. सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा, म्हणजे बहुलक, तोही 0. हजारात 62 बाळे जावोत की साडेपंचवीस, मध्यक आणि बहुलक यांना त्याचा पत्ताही लागत नाही. ‘आमच्याकडे सर्वसाधारण बाळ जगते’ एवढेच ते सांगतात, आणि ते खरेही असते. एकूण एक मेलेले बाळ हिशेबात धरणारे माप या तिघांत एकच, सरासरी. पगार आणि शेतजमीन मोजताना तिला फसवी म्हणायला आपण शिकतो, कारण एखादा धनाढ्य माणूस तिला वर खेचतो. इथे तिचा तोच स्वभाव गुण ठरतो. थोड्यांचे दुःख तिला जाणवते.

बंग दाम्पत्याच्या आधीच्या कामातही हीच नजर आहे. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या त्यांच्या अभ्यासात गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी होती. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, सरासरी प्रत्येकी 3.6. याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र 8 टक्केच होत्या. कोणत्याच बाईला 3.6 आजार नसतात. पण तो आकडा लिहिला गेला म्हणून अंगावर काढलेले दुखणे पहिल्यांदा जगासमोर आले.

निबंधाकडे परत येऊ. 25.5 हा आकडा एकटा उभा केला तर तो फारसे सिद्ध करत नाही. पाऊसपाणी चांगले झाले असेल, रस्ता झाला असेल, तापाची साथ ओसरली असेल. पाच वर्षांत खेड्यात काय काय बदलते! या सगळ्या शंकांना एकच आकडा उत्तर देतो, तो म्हणजे शेजारच्या 47 गावांचा 59.6. पाऊस त्या गावांवरही पडला होता. मला या निबंधातला सर्वांत भारदस्त आकडा हाच वाटतो. त्या गावांतली बाळेही तितक्याच काळजीने मोजली गेली, म्हणून 39 गावांतल्या घटीला अर्थ आला.

आणि मोजले कोणी? निबंध एका साध्या वाक्यात सांगून जातो की जन्म-मृत्यूंची नोंद दुसऱ्या कार्यकर्त्यांनी केली. सेवा देणारा हात वेगळा, मोजणारा हात वेगळा. जिने रात्र जागून बाळ वाचवायची धडपड केली, तिच्याकडूनच निकालाची नोंद घेतली तर मायेपोटीही आकडा सरकू शकतो. हे वाक्य आले की मी वर्गात थांबतो आणि मुलांना ते पुन्हा वाचायला लावतो.

आता गृहीतकाची चाचणी. आपल्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा दंडक होता. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही चांगले मांडायचे आणि मगच आपले. संख्याशास्त्रातले शून्य गृहीतक म्हणजे हा पूर्वपक्ष. ‘उपचाराने काहीच फरक पडलेला नाही, दिसतो तो योगायोग’ असे आधी मानायचे आणि मग विचारायचे, तसे असते तर एवढा मोठा फरक नुसत्या योगायोगाने किती वेळा दिसला असता?

निबंधातली एक ओळ यासाठी फार उपयोगी पडते. नवजात बाळांच्या जंतुसंसर्गात उपचार सुरू होण्याआधी 163 रुग्णांपैकी 16.6 टक्के दगावले, आरोग्यदूतांच्या उपचारानंतर 71 पैकी 2.8 टक्के. टक्के सोडवले की 163 पैकी 27 आणि 71 पैकी 2 बाळे निघतात. आम्ही मडक्यात 234 चिंचोके घेतो. त्यांतल्या 29 चिंचोक्यांवर चुन्याचा ठिपका देतो, कारण दोन्ही गटांत मिळून बाळे गेली ती 29. मडके हलवायचे, न बघता 71 चिंचोके काढायचे आणि ठिपके मोजायचे. उपचाराचा गुण शून्य असता तर गणिताने त्यांत सरासरी नऊच्या आसपास ठिपके यायला हवेत. एक मुलगी नऊ मोजते, दुसरा सात, कोणी अकरा, कोणी आठ. फळ्यावर आकड्यांचा ढीग नऊभोवती वाढत जातो. तास संपतो तरी दोन ठिपके काही येत नाहीत. हिशेब केला तर हजार वेळा मडके हलवल्यावर ते मोजक्याच वेळा येतील. निबंधात या ओळीपुढे ‘पी 0.01 पेक्षा कमी’ असे लिहिले आहे. त्याचा अर्थ मुलांच्या हाताला तेव्हा कळलेला असतो. पूर्वपक्ष खरा असता तर असे चित्र शंभरात एकदाही मुश्किलीने दिसले असते, एवढाच तो अर्थ. ‘उपचार खोटा असण्याची शक्यता शंभरात एक’ असा तो नाही, आणि ही गल्लत भल्याभल्यांची होते.

मग मी मडक्यात फक्त 23 चिंचोके ठेवतो, तिघांना ठिपका, आणि सात काढायला लावतो. ठिपका एकही न येणे आता वारंवार घडते. प्रमाण साधारण तेच, पण पुरावा उरत नाही. नमुना मोठा का हवा, हे यानंतर सांगावे लागत नाही.

या निबंधात उणे काय? कोणती गावे कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. शिवाय एका गावातली बाळे एकमेकांपासून अगदी सुटी नसतात. पाणी तेच, सुईण तीच, वाट तीच. म्हणून मडक्यातल्या सुट्या चिंचोक्यांचा हिशेब गावांना जसाच्या तसा लागू पडत नाही, पुरावा थोडा सैल धरावा लागतो. लेखकांनी आधीची दोन वर्षे मोजून दोन्ही गट सारखे असल्याचे दाखवले, हा चिठ्ठ्या न टाकण्यावरचा त्यांचा इलाज. उरलेले उत्तर पुढे इतरांनी दिले. बांगलादेशातल्या सिल्हेट जिल्ह्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष 2008 साली आला. घरपोच सेवेच्या गटात अखेरच्या सहा महिन्यांत नवजात मृत्यू 34 टक्क्यांनी कमी दिसले. गडचिरोलीपेक्षा घट कमी, पण दिशा तीच. 2011 पासून भारतात आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत सरकारी कार्यक्रमात आली.

निबंधाच्या सारांशात शेवटाकडे एक वाक्य आहे. 1997-98 मध्ये सेवा मिळालेल्या दर 18 बाळांमागे एक मृत्यू, गर्भातला किंवा जन्मानंतरचा, टळला. अठरांतले ते बाळ कोणते? सांगता येणार नाही. वजन अठराही जणांचे झाले, अठराही जणांना ऊब मिळाली. टळलेल्या मृत्यूची नोंद कुठल्याच वहीत नसते. त्या बाळापुढे एक शून्य असते, शेजारच्या सतरा शून्यांसारखेच. कोणाचा जीव वाचला हे त्याच्या आईलाही ठाऊक नसते. तो वाचला हे दिसते ते 59.6 आणि 25.5 शेजारी ठेवले तरच.