कोरी जागा आणि मोकळी जागा

नकाशावरील कोरी जागा म्हणजे सृष्टीतील मोकळी जागा नव्हे. हे विधान इतके उघड वाटते की ते सिद्ध करण्याची गरज कोणास भासू नये. तथापि किनाऱ्याच्या व सागरी क्षेत्राच्या नियोजनात सर्वांत अधिक विस्मरण पडते ते याच विधानाचे.

दहिसरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावणारी दहिसर नदी सुमारे १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीस मिळते. तिच्या मुखाशी तिवरांचे रान आहे, ओहोटीस उघडे पडणारे चिखलपट्टे आहेत, आणि त्यांना खेटूनच दाट लोकवस्ती आहे. वर्सोव्याहून दहिसरमार्गे भाईंदरकडे जाणारा किनारा-मार्ग याच पट्ट्यात योजिलेला आहे. येथे नकाशावरील रेषा दोन मिलिमीटर सरकली, तर एखाद्या रानाचे भवितव्य बदलते.

ही अतिशयोक्ती नव्हे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार १,००० चौरस मीटरांहून अधिक कांदळवनाभोवती ५० मीटरांचा संरक्षक पट्टा राखावा लागतो. किनारा-व्यवस्थापनाचा नकाशा १:२५,००० या प्रमाणात काढला, तर हा पट्टा कागदावर अवघा दोन मिलिमीटर रुंद उमटतो. अर्धा मिलिमीटर जाडीची सीमारेषाच त्यातील साडेबारा मीटर गिळून टाकते. स्थानिक कामासाठी १:४,००० या प्रमाणाचे नकाशे आवश्यक मानले जातात, ते याचसाठी.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून देशातील कांदळवनांचा आढावा घेत आली आहे. तिच्या मापनात एक हेक्टरहून लहान तुकडा स्वतंत्रपणे दाखविला जात नाही, आणि उपग्रहचित्रातील एक चौकट २३.५ मीटर बाजूची असते. कायद्याने ज्या रानास संरक्षक पट्टा देऊ केला, ते एक दशांश हेक्टराचे रान अशा दोन चौकटीही पुरते भरत नाही. येथे दोष त्या संस्थेचा नव्हे. राष्ट्राचा कल जोखण्यासाठी घडविलेले मापन त्या प्रयोजनास योग्यच आहे. एका वळणावरील बांधकामाचा निवाडा त्यावरून करणे मात्र अयोग्य होय. सामग्रीची गुणवत्ता ही प्रयोजनसापेक्ष असते, हे तत्त्व येथे ध्यानी घ्यावयास हवे.

काळाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीचे पाणी पाच मीटरांच्या आसपास चढते. भरतीच्या वेळी टिपलेल्या चित्रात चिखलपट्टा दिसतच नाही, आणि जो दिसला नाही तो नोंदला जात नाही. ज्या नकाशावर चित्राची तारीख व भरती-ओहोटीची वेळ नमूद नाही, तो या बाबतीत विश्वसनीय मानता येणार नाही.

प्राणिजातींच्या नोंदींची अवस्था याहून नाजूक असते. जुन्या नमुन्याच्या चिठ्ठीवर केवळ 'साष्टी' एवढेच स्थळ असेल, तर पुढे कोणी त्यास बेटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश चिकटवितो, आणि खाडीतला जीव डोंगरावर जाऊन बसतो. अक्षांश केवळ कलेपर्यंत दिला असेल, तर दोन लगतच्या आकड्यांत सुमारे १.८५ किलोमीटरांचे अंतर राहते. तेवढ्यात खाडी, वस्ती आणि रेल्वेमार्ग सारेच मावतात. शिवाय निरीक्षक जेथे सहज पोहोचतो तेथेच नोंदी दाटतात. चिखलात जेथे पाऊल ठरत नाही तेथे नोंद नसते, आणि नियोजक त्या मौनाचा अर्थ 'येथे काही नाही' असा लावतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, निर्दोष सामग्रीची वाट पाहिल्यास नियोजन कधीच होणार नाही. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफच्या क्षेत्राची २००४ साली पुनर्रचना झाली, तेव्हा तेथील सर्व जातींची माहिती कोणापाशीही नव्हती. म्हणून नियोजकांनी संपूर्ण क्षेत्राचे ७० जैवप्रदेश पाडले आणि प्रत्येकातील किमान २० टक्के भाग मासेमारीपासून मुक्त राखण्याचे तत्त्व स्वीकारले. अज्ञान होते, परंतु त्याचा भार निसर्गावर न टाकता नियोजनाच्या रचनेत सामावून घेतला गेला. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते: माहिती नसल्याचा लाभ बांधकामास मिळतो.

मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयात कांदळवनांचा नाश हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला, आणि सार्वजनिक हिताखेरीज त्यांच्या तोडीस मनाई केली. मात्र सार्वजनिक हिताचे माप ठरविताना हानीचेही माप लागते, आणि ते पुन्हा नोंदींवरच अवलंबून असते. सदोष नोंदीमुळे न्यायालयाचे संरक्षणही दुर्बळ होते.

तेव्हा दहिसरसारख्या किनाऱ्याच्या नकाशावर तीन खुणा वेगळ्या असावयास हव्यात: 'पाहिले आणि आढळले', 'पाहिले पण आढळले नाही', आणि 'पाहिलेच नाही'. आज शेवटच्या दोन खुणा एकाच कोऱ्या रंगात मिसळतात. त्यांना विलग करण्यास फार मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. कोणी, केव्हा, कोठे आणि किती वेळ पाहिले, हे प्रत्येक नोंदीसोबत लिहिण्याची शिस्त तेवढी हवी. ती शिस्त नसेल तोवर नियोजनाचा नकाशा सागराचे नव्हे, तर नोंद करणाऱ्याच्या सोयीचे चित्र दाखवील.